फँटसी प्रीमियर लीग २०२४-२५: ट्रान्सफरच्या नोंदी

१२ ऑगस्ट २०२४

फँटसी प्रीमियर लीग म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल लीगमधले खरे खेळाडू निवडून आपला संघ करायचा अ‍ॅपवरचा खेळ; ते खऱ्या सामन्यांत जे करतात त्याचे पॉइंट आपल्याला मिळतात. गेल्या हंगामाच्या शेवटी एक गोष्ट लक्षात आली. मी वर्षभरात कोणाला घेतलं आणि कोणाला काढलं ते आठवत होतं, पण का काढलं ते आठवत नव्हतं. पॉइंट अ‍ॅपमध्ये राहतात, कारण कुठेच राहत नाही. मग आपलं मन मागाहून सोयीचं कारण शोधतं आणि पुढच्या वर्षी तीच चूक पुन्हा होते. म्हणून यंदा प्रत्येक ट्रान्सफरचं (एकाला काढून दुसऱ्याला घेणं) कारण डेडलाइनच्या (त्या आठवड्याचा संघ बदलायची शेवटची वेळ) आधी इथे लिहायचं आणि काही आठवड्यांनी परत येऊन तपासायचं.

नियम जुनेच. १०० मिलियन पाउंडांत १५ खेळाडू: २ गोलकीपर, ५ बचावपटू, ५ मिडफिल्डर, ३ फॉरवर्ड. एका क्लबचे जास्तीत जास्त ३. दर आठवड्याला एक ट्रान्सफर फुकट, त्यापुढच्या प्रत्येकीला ४ पॉइंट वजा. यंदाचा मुख्य बदल असा की न वापरलेल्या ट्रान्सफर ५ पर्यंत साठवता येतात. आधी ही मर्यादा २ होती. मला हा बदल फार मोठा वाटतो. आजवर थांबणं म्हणजे आठवडा वाया घालवणं वाटायचं, आता थांबलं की गाठीला काहीतरी जमतं.

१५ ऑगस्ट

उद्या शुक्रवारी मँचेस्टर युनायटेड आणि फुलहॅम यांच्या सामन्याने सुरुवात. डेडलाइन पहिल्या सामन्याच्या ९० मिनिटं आधी. संघ पक्का केला.

मँचेस्टर सिटीचा हालांड १५.० मिलियन, लिव्हरपूलचा सालाह १२.५. दोघांतच २७.५ गेले. उरलेल्या १३ जणांसाठी ७२.५, म्हणजे माणशी साडेपाचच्या आसपास. दोघांनाही ठेवायचं तर बाकी ठिकाणी पोट आवळावं लागतं. ते आवळलंय ते असं: गोलमध्ये ब्रेंटफर्डचा फ्लेकेन आणि त्याच क्लबचा राखीव वाल्दिमार्सन (४.५ आणि ४.०). एक दुखावला तर दुसरा आपोआप खेळणार, त्या जागेचा विचारच करायला नको. मागे गॅब्रिएल, ग्वार्डिओल, पोरो, फुलहॅमचा रॉबिन्सन आणि बेंचवर ४.० चा फाएस. मधे सालाहसोबत एझे, एम्ब्युमो, रॉजर्स, विंक्स. पुढे हालांड, इसाक (८.५) आणि झाओ पेद्रो (५.५). ०.५ शिल्लक.

माझा पहिला निकष मिनिटं. ६० मिनिटं खेळला तर २ पॉइंट, त्याआधी बाहेर आला तर १, आणि बचावपटूला क्लीन शीटचे (संघाने एकही गोल खाल्ला नाही तर) ४ सुद्धा ६० मिनिटं पूर्ण केल्यावरच. चांगला खेळाडू आणि रोज खेळणारा खेळाडू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्वार्डिओलबद्दल धाकधूक आहे, कारण सिटीत कोण कधी बसेल याचा भरवसा नसतो. पण गेल्या हंगामाच्या शेवटच्या दोन महिन्यांत त्याने लीगमध्ये ४ गोल केले होते. बचावपटूच्या गोलला ६ पॉइंट. तेवढा धोका घेतो.

१९ ऑगस्ट

हालांडचा चेल्सीत गोल. सालाहचा इप्सविचमध्ये गोल आणि असिस्ट (दुसऱ्याच्या गोलसाठीचा पास). एम्ब्युमोचाही गोल.

एझेची फ्री किक जाळ्यात गेली होती, पण चेंडू आत जायच्या आधी शिट्टी वाजली होती, गोल दिला गेला नाही. फार वाईट वाटलं. पण एझेने जे करायचं ते केलं होतं. काढायचं कारण नाही.

२ सप्टेंबर

हालांडची सलग दुसरी हॅटट्रिक. इप्सविचविरुद्ध १७, वेस्ट हॅमविरुद्ध १७. दोन्ही वेळा कॅप्टन होता आणि कॅप्टनचे पॉइंट दुप्पट, म्हणजे ३४ आणि ३४. सालाहने ओल्ड ट्रॅफर्डवर (मँचेस्टर युनायटेडचं मैदान) १ गोल आणि २ असिस्ट केले. एकही ट्रान्सफर केलेली नाही, साठत आहेत.

१६ सप्टेंबर

काल टॉटनहॅमच्या मैदानावर गॅब्रिएलने साकाच्या कॉर्नरवर हेडर मारला. गोलचे ६, क्लीन शीटचे ४, खेळल्याचे २, वर बोनस वेगळा. ओडेगार्ड दुखापतीने बाहेर असताना आर्सेनल जिंकलं ते कॉर्नरवर. आर्सेनलचा बचावपटू घ्यायचा तर कॉर्नरला पुढे जाणारा घ्यावा, हे ऑगस्टमध्ये मनात होतं पण लिहिलं नव्हतं. आता लिहून ठेवतो.

लिव्हरपूल मात्र घरच्या मैदानावर फॉरेस्टकडून ०-१ हरलं. सालाह कोरा. एका सामन्यावरून काही ठरवायचं नाही.

२३ सप्टेंबर

सिटी २, आर्सेनल २. हालांडचे ५ सामन्यांत १० गोल. गॅब्रिएलने पुन्हा साकाच्याच कॉर्नरवर गोल केला.

पण मला लिहायचंय ते रॉड्रीबद्दल. तो पहिल्या अर्ध्यातच गुडघा धरून बाहेर गेला. माझ्या संघात तो नाही, फँटसीत त्याला फारसं कोणी घेतही नाही. तरीही सिटीचा चेंडू पुढे जातो तो त्याच्या पायातून, आणि प्रतिस्पर्ध्याचा हल्ला अर्ध्या वाटेत मोडतो तोही तोच. तो दीर्घकाळ नसेल तर हालांडपर्यंत चेंडू कमी पोचेल आणि ग्वार्डिओलच्या क्लीन शीट कमी होतील. खूण करून ठेवतो: चार-पाच सामन्यांनी पाहायचं.

२९ सप्टेंबर

चेल्सीच्या पामरने ब्रायटनविरुद्ध पहिल्या अर्ध्यात ४ गोल केले. प्रीमियर लीगमध्ये असं आधी कोणी केलं नव्हतं. २५ पॉइंट. माझ्याकडे तो नाही. इसाक पायाच्या बोटाच्या दुखापतीने बाहेर. आज डोकं शांत नाही, काही ठरवत नाही.

१७ ऑक्टोबर

आंतरराष्ट्रीय सामन्यांची सुट्टी संपत आली. पहिलं वाइल्डकार्ड (त्या आठवड्यात हव्या तेवढ्या ट्रान्सफर फुकट) वापरलं. यंदा वाइल्डकार्ड खेळलं तरी साठलेल्या ट्रान्सफर तशाच राहतात, त्यामुळे हात आखडायची गरज वाटली नाही.

बाहेर: सालाह, एझे, पोरो, झाओ पेद्रो (घोटा दुखावलाय). आत: पामर, साका, फॉरेस्टचा ख्रिस वुड आणि एक स्वस्त बचावपटू. इसाक ठेवला. दुखापत पायाची होती, खेळ बिघडला नव्हता.

सालाहचं कारण: पुढचे चार सामने चेल्सी, आर्सेनल (बाहेर), ब्रायटन, व्हिला. चारही संघ चांगले. त्या पैशात पामर मिळतो, आणि साकासाठीही थोडं सुटतं.

धाकट्याने स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, "दादा, सालाह विकलास?" मी सामन्यांचं वेळापत्रक दाखवलं. तो म्हणाला, "पण त्याने अजून वाईट काय केलंय?" मला उत्तर देता आलं नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

२८ ऑक्टोबर

सालाह: चेल्सीविरुद्ध गोल आणि असिस्ट, आर्सेनलविरुद्ध गोल.

साकाला इंग्लंडकडून खेळताना मांडीचा त्रास झाला होता, तो बोर्नमथला खेळलाच नाही. संघ पक्का करताना ही शंका होती, तरी मी घेतला. बेंचवरचा आत आला, नुकसान थोडं. काल त्याने लिव्हरपूलविरुद्ध गोल केला. पामरनेही न्यूकॅसलविरुद्ध केला. म्हणजे घेतलेले दोघे वाईट नाहीत. चूक काढण्यात आहे, घेण्यात नाही. पण पैसे एकाच पेटीतले असतात, त्यामुळे दोन्ही एकच होऊन बसतं.

१० नोव्हेंबर

सालाह: ब्रायटनविरुद्ध गोल, व्हिलाविरुद्ध गोल आणि असिस्ट. ज्या चार सामन्यांना घाबरून विकला त्या चारांत ४ गोल, २ असिस्ट.

आज बराच वेळ १७ ऑक्टोबरची नोंद वाचली. कारण म्हणून मी वेळापत्रक लिहिलं होतं. खरं कारण त्याच्या वरच्याच नोंदीत आहे, २९ सप्टेंबरच्या. पामरचे २५ पॉइंट हुकले, ते मला परत मिळवायचे होते. झालेले पॉइंट कोणालाच विकत मिळत नाहीत, तरी मी त्यासाठी पैसे मोकळे केले आणि वेळापत्रक वर पांघरलं. वेळापत्रक खोटं नव्हतं. पण सालाह कोणाविरुद्ध खेळतो यापेक्षा तो दर सामन्यात ९० मिनिटं खेळतो, पेनल्टी घेतो, आणि लिव्हरपूलचा प्रत्येक हल्ला उजव्या बाजूने त्याच्यापाशी येतो, हे जास्त मोठं होतं. चांगल्या संघाविरुद्ध लिव्हरपूलचे गोल कमी होतील हे मान्य, पण जे होतील त्यांत त्याचा हात असणार.

परत घ्यायचं तर किमतीचा सापळा आहे. खेळाडूची किंमत वाढली तर विकताना वाढीचा अर्धाच भाग मिळतो, तोही खालच्या ०.१ ला आणून. ७.० ला घेतलेला ७.३ झाला तर आपल्या हातात ७.१. घेताना मात्र पूर्ण ७.३ मोजायचे. सालाह मी जुन्या भावाने घेतला होता. आता वाढलेल्या भावाने घ्यावा लागेल आणि मधली वाढ गेली ती गेली. चांगला खेळाडू थोड्या आठवड्यांसाठी विकून परत घेणं म्हणजे दोन ट्रान्सफर आणि वर हा दंड. हे गणित ऑक्टोबरमध्ये केलं असतं तर हात थबकला असता.

पैसे कुठून आणायचे? २३ सप्टेंबरची खूण पाहिली. रॉड्री हंगामभर बाहेर आहे. गेल्या ६ सामन्यांत हालांडचे २ गोल. पुढे टॉटनहॅम घरच्या मैदानावर. आज रागात आहे. एक सामना पाहतो, मग ठरवतो. फुकट ट्रान्सफर पुरेशा आहेत, घाई नाही.

२४ नोव्हेंबर

सिटी ०, टॉटनहॅम ४. सालाहचे साउदॅम्प्टनमध्ये २ गोल.

२८ नोव्हेंबर

उद्या संध्याकाळी डेडलाइन. निर्णय झाला.

बाहेर: हालांड, रॉजर्स. आत: सालाह, झाओ पेद्रो. दोन्ही साठलेल्या ट्रान्सफरमधून, वजावट नाही.

हालांडचं कारण: सिटीचा मधला भाग मोडलाय. हालांड स्वतः चेंडू आणत नाही, त्याच्यापर्यंत आणून द्यावा लागतो. खेळाडूत खोट नाही, खेळाडूपर्यंतची वाट बंद आहे. आणि १५ मिलियनचा खेळाडू फक्त संघात ठेवायचा नसतो, त्याला कॅप्टन करता आलं पाहिजे. गेले तीन आठवडे मी त्याला कॅप्टन करायला कचरतोय. ज्याला कॅप्टन करावंसं वाटत नाही त्याच्यावर सगळ्यात जास्त पैसे अडकवून ठेवणं बरोबर नाही.

झाओ पेद्रोचं कारण: त्याने गेल्या आठवड्यात बोर्नमथला गोल केला, आणि मी पुन्हा मागचे पॉइंट विकत घेतोय का हे स्वतःला तीनदा विचारलं. उत्तर नाही. साडेपाचच्या घरात पेनल्टी घेणारा आणि पूर्णवेळ खेळणारा फॉरवर्ड दुसरा दिसत नाही. ऑगस्टमध्ये घेतला होता तोही याच कारणासाठी.

रॉजर्स बिचारा गेला, कारण सालाहसाठी मिडफिल्डची जागा हवी होती. एवढंच.

५ डिसेंबर

लिव्हरपूल २, सिटी ०: सालाहचा गोल, शिवाय गाक्पोच्या गोलला असिस्ट. काल न्यूकॅसल ३, लिव्हरपूल ३: सालाहचे २ गोल, १ असिस्ट. समोरून इसाकचाही गोल. हालांड दोन्ही आठवडे कोरा. सुरुवातीच्या ५ सामन्यांत १०, त्यानंतरच्या ९ मध्ये २.

समाधान वाटतंय. पण हे दोन आठवडे आहेत. नोंद त्यापेक्षा मोठी समजायची नाही.

७ डिसेंबर

सकाळीच बातमी आली. वादळामुळे एव्हर्टन आणि लिव्हरपूलचा सामना पुढे ढकलला. डेडलाइनच्या आधी कळलं हे नशीब. कॅप्टन सालाह होता. तो खेळला नसता तर उपकॅप्टनला दुप्पट पॉइंट मिळालेच असते, पण उपकॅप्टन मी दर आठवड्याला न पाहताच ठेवतो. आज पाहिलं तर तो गॅब्रिएल निघाला! पामरला कॅप्टन केलं, उपकॅप्टन इसाक. बेंचचा क्रमही बदलला, कारण सालाहच्या जागी आता पहिला बेंचवरचा नक्की येणार.

सालाहला एका आठवड्यासाठी काढण्याचा विचार पाच मिनिटंही केला नाही. ढकललेला सामना नाहीसा होत नाही, पुढे कधीतरी एका आठवड्यात दोन सामने येतील.

९ डिसेंबर

टॉटनहॅम ३, चेल्सी ४. पामरचे पेनल्टीवर २ गोल. प्रीमियर लीगमध्ये १२ पैकी १२ पेनल्टी. उपकॅप्टन आणि बेंचचा क्रम दर आठवड्याला तपासायचा, हे आता यादीत वरती.

२३ डिसेंबर

शनिवारी साका पॅलेसविरुद्ध मांडी धरून बाहेर गेला, बरेच आठवडे नाही. इथे विचार करण्यासारखं काही नाही, बाहेर. आत न्यूकॅसलचा गॉर्डन. कारण: इसाक धारदार आहे आणि त्याच्या डाव्या हाताला गॉर्डनच असतो.

गॅब्रिएलचं काय, हा खरा प्रश्न. त्याचे गोल साकाच्या कॉर्नरवर होतात. पण दुसऱ्या बाजूने राइस मारतो आणि तोही चांगलाच मारतो. ठेवला.

काल सालाहचे टॉटनहॅममध्ये २ गोल, २ असिस्ट. २१ पॉइंट.

२७ डिसेंबर

व्हिलाविरुद्ध गॉर्डनचा दुसऱ्याच मिनिटाला गोल. इसाकचाही. हालांडची पेनल्टी एव्हर्टनचा गोलकीपर पिकफर्डने अडवली.

१६ जानेवारी २०२५

इसाकचे काल वुल्व्ह्जविरुद्ध २ गोल. सलग आठव्या लीग सामन्यात गोल. ऑगस्टपासून माझ्याकडे आहे, ८.५ ला घेतलेला.

यावर थोडं लिहायलाच हवं, कारण न केलेल्या ट्रान्सफरची नोंद कोणी ठेवत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याचं पायाचं बोट मोडलं होतं, दोन सामने हुकले. तेव्हा अनेकांनी त्याला काढलं. मीही वाइल्डकार्डच्या दिवशी त्याच्या नावावर बोट ठेवून बसलो होतो. ठेवला तो एका वाक्यावर: "दुखापत पायाची होती, खेळ बिघडला नव्हता." त्याच दिवशी, त्याच पानावर, सालाहसाठी मात्र हे वाक्य मला सुचलं नाही.

३० जानेवारी

एव्हर्टन-लिव्हरपूलचा ढकललेला सामना १२ फेब्रुवारीला, म्हणजे गेमवीक २४ मध्ये (हंगामाची २४वी फेरी) दोघांचे दोन-दोन सामने. लिव्हरपूलचे दोन्ही बाहेर: बोर्नमथ आणि गुडिसन (एव्हर्टनचं मैदान).

ट्रिपल कॅप्टन सालाहवर लावतोय. हा कॅप्टनचे पॉइंट तिप्पट करणारा चिप, म्हणजे हंगामात एकदाच वापरायची खास सवलत. बोर्नमथ धोकादायक आहे, त्यांनी यंदा आर्सेनल आणि सिटी दोघांनाही घरच्या मैदानावर हरवलंय. गुडिसनवरची ही शेवटची डर्बी (एकाच शहरातल्या दोन क्लबांचा सामना), एव्हर्टन जीव तोडून खेळणार. म्हणजे सामने सोपे नाहीत. पण सोपे सामने पाहून सालाह मोजायचा नाही, हे मी ऑक्टोबरमध्ये महाग पडून शिकलोय.

असिस्टंट मॅनेजर हा नवा चिपही याच आठवड्यापासून खुला होतोय. तो तीन आठवडे चालतो आणि चालू असताना दुसरा चिप वापरता येत नाही. तो नंतर.

२ फेब्रुवारी

सालाहचे बोर्नमथला २ गोल, क्लीन शीटही. वुडची ब्रायटनविरुद्ध हॅटट्रिक, फॉरेस्ट ७, ब्रायटन ०. वुडला ऑक्टोबरमध्ये घेताना कारण लिहिलंच नव्हतं, "स्वस्त आहे" एवढंच डोक्यात होतं. म्हणून याचं श्रेय स्वतःला देत नाही.

१३ फेब्रुवारी

गुडिसन: २-२. सालाहच्या क्रॉसवर मॅक अ‍ॅलिस्टरचा गोल, म्हणजे सालाहला असिस्ट, मग सालाहचा स्वतःचा गोल, आणि ९८व्या मिनिटाला एव्हर्टनच्या टारकोव्स्कीने बरोबरी केली. काय सामना झाला! दोन सामने मिळून बोनस सोडून सालाहचे २३, तिप्पट ६९.

१४ फेब्रुवारी, डेडलाइनपूर्वी

आज रात्री चेल्सी ब्रायटनला. पामरचा १४ जानेवारीनंतर लीगमध्ये गोल नाही. चेल्सीचा फॉरवर्ड जॅक्सन वेस्ट हॅमविरुद्ध दुखावला, त्यामुळे पामरच्या पुढे बचाव ताणणारा कोणी नाही. हालांडच्या वेळी मी वाट बंद झाल्याचं लिहिलं होतं. इथेही तसंच आहे का, हे दोन तास तपासत बसलो.

फरक एवढा दिसतो की पामर वाट स्वतः काढतो. चेंडू त्याच्याच पायाशी येतो, पेनल्टी त्याची, फ्री किक त्याची, मिनिटं पूर्ण. शॉट अजून घेतोय. विरुद्ध बाजूला जॅक्सनची अनुपस्थिती, आणि ती थोड्या दिवसांत संपणारी नाही.

"त्याने अजून वाईट काय केलंय?" हा प्रश्न आज मीच स्वतःला विचारला. गोल केले नाहीत, याखेरीज उत्तर सापडलं नाही.

पामर ठेवला. ट्रान्सफर वापरली नाही. कॅप्टन सालाह, उपकॅप्टन इसाक, तपासलं. चेल्सीचे पुढचे तीन सामने झाले की ही नोंद पुन्हा उघडायची.